बत्तीस ठिगळांचा बटवा

मी सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होतो. एकतीस वर्षं लेथसमोर उभं राहिल्यामुळे मापाशिवाय मला कुठल्याच गोष्टीवर भरवसा ठेवता येत नाही. नव्या संसारात एकदा मी व्हर्नियर घरी आणून बायकोच्या पोळीची जाडी मोजली होती. मला ती गंमत वाटली. तिला नाही वाटली, आणि पुढचे दोन दिवस मी नुसता भात खाल्ला. अशा माणसाने लोकर आणि सुया हातात धरल्या, हे आमच्या नातेवाइकांत अजून कौतुकाने सांगतात. त्या कौतुकातलं बरंचसं खोटं आहे. ते खोटं कसं झालं ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

विणायची ती. नाशकात दिवाळीनंतर थंडी येते ती चांगली फेब्रुवारीपर्यंत मुक्कामाला असते. आम्हाला एकच मुलगी. तिच्या जन्मापासून दर हिवाळ्याला हिने तिच्यासाठी एक स्वेटर विणला. बस स्टॉपवर, दवाखान्याच्या रांगेत, शाळेच्या गॅदरिंगला, हिच्या हातात सुया असायच्याच. बोलणंही चालू आणि विणणंही चालू. समोरच्याचं काही उणं काढायचं असलं की सुया तेवढ्यापुरत्या थांबायच्या. स्वेटर झाला की उरलेल्या लोकरीचा गुंडा ती एका पत्र्याच्या डब्यात टाकायची, आणि त्या डब्याला कुणी हात लावलेला तिला खपायचा नाही.

डबा बटव्यासाठी होता. हिचं माहेर येवल्याकडचं. तिच्या माहेरी एक पद्धत होती. ती त्या सगळ्या भागाची आहे की फक्त त्यांच्या चार घरांची, ते मला माहीत नाही. मुलगी लग्न होऊन सासरी निघाली की तिची आई तिच्या हातात एक बटवा देते. गोधडीसारखा, चौकोनी ठिगळं जोडून केलेला. ठिगळं त्या मुलीच्याच कपड्यांची, झबल्यापासून परकरापर्यंत. त्यात विकतचा तुकडा चालत नाही, आणि टाका फक्त आईच्या हातचा लागतो. शेजारणीने, मावशीने, शिंप्याने त्यात एक टाका जरी घातला तरी मग तो बटवा राहत नाही, साधी पिशवी होते. हिने स्वतः सासरी येताना आणलेला बटवा मी पाहिला आहे. त्यातले टाके वेडेवाकडे होते, कारण सासूबाईंना तोवर मोतीबिंदू झालेला. पण त्यांनी दुसऱ्या कुणाला सुई लावू दिली नव्हती.

ही विणणारी, त्यामुळे हिने कापडाऐवजी लोकर धरली. दर वर्षीच्या स्वेटरची उरलेली लोकर, आणि तिची ठिगळं. पुढच्या बाजूला सोळा, मागच्या बाजूला सोळा. वर जाळीची एक ओळ, त्या भोकांमधून ओवलेली नाडी, नाडीला दोन गोंडे. हे सगळं तिने मला मुलगी चौथीत असताना सांगितलं होतं. मी विचारलं होतं, ड्रॉइंग कुठे आहे? ती म्हणाली, "डोक्यात आहे, आणि तिथे तुमचं व्हर्नियर पोचत नाही."

मुलगी शिकली, पुण्याला कंप्युटरच्या कंपनीत लागली, आणि २००१च्या श्रावणात तिचं लग्न ठरलं. मुहूर्त पुढच्या वैशाखातला. ज्या दिवशी ठरलं त्याच दुपारी डबा खाली आला. घाई नव्हती. सणवार, पाहुणे, खरेदी सांभाळून ती विणत होती. दिवाळीपर्यंत नऊ ठिगळं झाली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओट्यापाशी चहा गाळत होती. गाळणं हातातून पडलं. ते उचलायला ती वाकली आणि उठलीच नाही. मी शेजारच्या खोलीत बूट घालत होतो. एक बूट पायात आणि एक हातात अशा अवस्थेत मी तिला रिक्षात घातलं.

अठरा दिवस दवाखाना. उजवी बाजू गेली, आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, तिला सगळं समजतं, फक्त शब्द बाहेर येत नाहीत. हात काही दिवसांनी छातीशी आखडत गेला, कोपरात दुमडलेला, बगल घट्ट मिटलेली. त्यासाठी मालिश आणि व्यायाम सांगितला. मी ते सगळं एका वहीत लिहून घेतलं, किती वेळा, किती मिनिटं. लोक विचारायचे, कसं वाटतंय? मी म्हणायचो, ठीक आहे. ते खोटं नव्हतं. मला काहीच वाटत नव्हतं. लेथ बंद केल्यावरही तुकडा धरणारा चक थोडा वेळ आपला आपण फिरत राहतो, तसा मी घर ते कारखाना आणि कारखाना ते घर फिरत होतो. एकदा शिफ्ट संपल्यावर मी सायकल स्टँडवर अर्धा तास नुसता उभा होतो. वाट कुणाची बघतो आहे, तेही मला ठाऊक नव्हतं.

मुलगी महिनाभर रजा काढून राहिली, मग तिला परत जावं लागलं. माझी पहिली पाळी, सात ते साडेतीन. त्यासाठी एक बाई ठेवल्या; संध्याकाळचा स्वयंपाक करूनच त्या जायच्या, आणि शनिवारीही यायच्या. त्या मूळच्या हरसूलकडच्या, मुलासोबत सातपूरला खोली घेऊन राहायच्या. कमी बोलायच्या. हिला उचलताना त्या असा काही पाय रोवून उभ्या राहायच्या की मला दोन माणसं लागतात तिथे त्या एकट्या पुरत. मला दादा म्हणायच्या, हिला वैनी.

भेटायला येणाऱ्यांनी नाकी नऊ आणले. प्रत्येकाकडे एक तेल होतं. वणीच्या गडावर नवस बोला, असं चौघांनी सांगितलं. एकजण हिच्या समोरच मला म्हणाले, "आता तुम्हीच तिची आई." ही डोळे मिटून पडली होती. तिच्या ओठांचा डावा कोपरा वाकडा झाला. तो तिचा राग होता, हे मला ओळखता येत होतं, आणि तेवढंच ओळखता येत होतं.

डिसेंबरच्या एका दुपारी मी कामावरून आलो तर बाई दारातच उभ्या. म्हणाल्या, "दादा, वैनी सकाळपासून कपाटाकडं हात करते. मी सगळा काढून दावला. साडी नको, पावडर नको. मंग डबा दिला तवा गप झाली."

ती पलंगावर तक्क्याला टेकून बसली होती. मांडीवर डबा, आणि अर्धवट राहिलेलं दहावं ठिगळ सुईवर तसंच. डाव्या हातात एक सुई होती आणि दुसरी पुन्हा पुन्हा चादरीवर पडत होती. तिने मला बघितलं. मग पडलेल्या सुईकडे बघितलं. मी हातपाय न धुताच तिच्या उजव्या बाजूला बसलो आणि ती सुई उचलली.

अशी सुरुवात झाली. डावी सुई, जिच्यावर टाके असतात, ती तिच्या डाव्या हातात. उजवी सुई आणि लोकर माझ्या हातात. मी टाक्यात सुई खुपसायची, लोकर फिरवायची, फास ओढून घ्यायचा, आणि तिने अंगठ्याने जुना टाका सुईवरून खाली ढकलायचा. पहिल्या दिवशी चार टाके झाले आणि त्यातले तीन गळाले. चुकलं की ती माझ्या मनगटावर सुईच्या बोथट टोकाने टोचायची. कारखान्यातल्या माझ्या उस्तादाने मला इतकं टोचलं नव्हतं.

चौथ्या की पाचव्या दिवशी ओळ पूर्ण होताना ती म्हणाली, "एक."

मी थांबलो. ती टाक्यांकडे बघत होती. "दोन. तीन. चार." वीस टाक्यांची ओळ होती. ती वीसपर्यंत गेली. आवाज जाडसर आणि घोगरा, पण शब्द स्पष्ट. बाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, असं होतं. हे तोंडपाठ असलेलं आहे, बोलणं नव्हे. पाढे, आकडे, आरती, काहीही पाठ असलेलं येऊ शकतं. आरती आली नाही. आकडे आले, तेही एकपासून ओळीने. मधूनच सात म्हण म्हटलं तर तिला येत नसे. पोळ्या किती हव्यात विचारलं तर ती "एक, दोन" म्हणून थांबायची. तिला पाणी हवं असलं, कूस बदलायची असली, माझा राग आलेला असला, तरी तोंडातून आकडेच यायचे. घरात तेवढीच भाषा होती आणि आम्ही तिच्यावर भागवत होतो.

साडेचारला आम्ही बसायचो. सहाला उठायचो. पंधरवडाभरात माझा हात बसला. दोघांच्या टाक्यांतलं ठिगळ जरा ओबडधोबड व्हायचं, एक बाजू सैल, एक बाजू घट्ट. तिला ते चालत होतं. तिचा हिशेब मला तेव्हा कळला नाही, नंतर कळला: ती समोर बसलेली असताना, तिच्या सुईवरचा टाका, तिच्या मोजणीने, म्हणजे तो तिचाच. मी तिचा उजवा हात, त्यापलीकडे कुणी नाही.

जानेवारीत मुलगी दोन दिवसांसाठी आली. तिला बटव्याचं ठाऊक होतं, पण आम्ही दोघं एका सुईला लागलेलो पाहून ती दारातच खाली बसली. आधी हसली, मग रडली. "बाबा, तुम्ही विणताय?" मी म्हटलं, "ओव्हरटाइम आहे." ती पुण्याला गेली आणि बहुतेक तिने सगळ्यांना सांगितलं, कारण त्यानंतर फोनवर जो तो मला विणकामाबद्दल विचारायला लागला.

फेब्रुवारी लागला तेव्हा एकवीस ठिगळं झाली होती. नऊ तिची, बारा दोघांची. अकरा बाकी, मग जोडणं, जाळी, नाडी. मी हिशेब केला आणि तो मुहूर्ताच्या पुढे जात होता. तिला मधेच ताप आला, आठ दिवस गेले, आणि पुढेही अशक्तपणामुळे आमचं बसणं बंद राहिलं. मग मी माझ्या डोक्याने एक शहाणपण केलं. शनिवारी आमच्या औद्योगिक पट्ट्याला सुट्टी असे. शनिवारी, आणि एरवी ती दुपारची झोपली की, मी बाहेरच्या खोलीत बसून एकटा विणायला लागलो. एव्हाना दोन्ही सुया मला येत होत्या. पुठ्ठ्याचा एक गेज कापला, साठ मिलिमीटर बाय साठ. दर चार ओळींना ठिगळ त्यावर ठेवून बघायचं. तीन आठवड्यांत अकरा ठिगळं. कुठलंही उचला, कुठल्याही बाजूने मोजा, साठच्या साठ. रिजेक्शन शून्य. खरं सांगतो, मला त्यांचा अभिमान वाटला होता.

ती अकरा मी डब्यात एकवीसांत मिसळून ठेवली. तिला सांगितलं नाही. मला वाटलं, बत्तीस झाली बघून ती खूश होईल आणि विचारणार तरी कशी?

पुढच्या शनिवारी डबा उघडून तिने सगळी ठिगळं चादरीवर ओतली. डाव्या हाताने एकेक उचललं, बोटांत चुरलं, आणि दोन ढिगारे करायला लागली. तिला बघायचीही गरज पडली नाही. माझे टाके लेथवरच्या आट्यांसारखे घट्ट होते, तिच्या बोटांना ते लगेच कळत होते. माझा ढीग झाल्यावर तिने तो मोजला. "एक, दोन, तीन." अकरापर्यंत. मग पहिलं ठिगळ घेतलं, दातांनी गाठ सोडली, आणि उसवायला लागली.

मी म्हटलं, "अगं, काय करतेस? दिवस किती राहिलेत?" तिने वर पाहिलं नाही. दुसरं उसवलं. लोकर चादरीवर कुरळी होऊन पडत होती. तिसरं उसवायला घेतल्यावर मी तिच्या हातातून ते ओढलं. तिने सोडलं नाही. एका हाताची बाई, पण तिने सोडलं नाही.

चार महिने मला काही वाटलं नव्हतं. त्या क्षणी जे वाटलं तो नुसता संताप होता. मी ओरडलो. म्हणालो, "मग कर तुझं तू. एका हाताने कर. मी हात लावणार नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. बाई दाराशी आल्या होत्या, त्या मागच्या मागे वळल्या. मी स्कूटर काढली आणि सोमेश्वरपर्यंत गेलो. तिथे धबधब्याला पाणी नव्हतं. येताना किलोभर द्राक्षं घेतली, कारण रिकाम्या हाताने घरात कसं शिरायचं, हे मला सुचत नव्हतं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. द्राक्षं तिने खाल्ली नाहीत. अकराही ठिगळं उसवून झाली होती, आणि दोघांच्या बारांपैकी चार.

दुसऱ्या दिवशी साडेचारला मी पूर्वीसारखा जाऊन बसलो. तिने माझ्याकडे पाठ केली. तिसऱ्या दिवशीही तेच. मग मी जाणं सोडलं. समोरच्या खोलीत टीव्ही लावून बसायचो. हाताला काही काम नसायचं. विणायच्या त्या दीड तासात मला बरं वाटत होतं, हे तो वेळ हातचा गेल्यावर कळलं, आणि कळूनही उठून आत जावंसं वाटलं नाही. मी परत पहिल्यासारखा झालो. कामावर जायचं, यायचं, गोळ्या द्यायच्या, व्यायाम करून घ्यायचा. तिचा हात हातात घेऊन मी मिनिटं मोजायचो आणि आम्ही एकमेकांकडे बघायचो नाही.

मार्चच्या मध्याला बाई एकदा जाताना थांबल्या. "दादा, तुमाला सांगू का? वैनी एकटीच विणते हाय."

मी म्हटलं, "कशी विणेल?"

"आखडला हात हाय ना, त्या काखंत सुई दाबते. गच बसते सुई. आन् दुसरी डाव्या हातात. पैल्यांदा लय पडायची. आता नाय पडत. तुमी आले का डबा लपवती."

माझा विश्वास बसला नाही. एक दिवस मी अर्ध्या पाळीची सुट्टी टाकून दुपारी आलो. दाराचा आवाज केला नाही. पडद्याआडून पाहिलं. ती तक्क्याला टेकून बसली होती. ज्या आखडलेल्या हाताला सैल करायला मी रोज मिनिटं मोजत होतो, त्याच हाताच्या मिटलेल्या बगलेत तिने सुई रोवली होती आणि ती शिकंज्यात धरल्यासारखी पक्की होती. लोकर मानेवरून फिरवून पुढे घेतली होती. डावा हात खुपसत होता, फिरवत होता, ओढत होता. जीभ दातांत धरलेली. कपाळाला घाम. एक टाका गळाला. तिने तो दोन ओळी खालून शोधून वर आणला. त्याला दहा मिनिटं लागली असतील. मग ती मोजायला लागली, "एक, दोन," अगदी हळू, तिच्या स्वतःपुरतं.

मी आत गेलो नाही. मी जाऊन तिच्यासमोर बसायला हवं होतं, चुकलो म्हणायला हवं होतं. मी जिना उतरलो आणि साडेतीन वाजेपर्यंत कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर बसलो. कौतुक वाटलं का? वाटलं असेल. पण त्याहून जास्त मला असं वाटलं की मला घरातून काढून टाकलं आहे.

पुढचं सगळं मी असंच चोरून पाहून किंवा बाईंकडून समजून घेतलं. दोघांची सगळी बारा ठिगळं तिने उसवली आणि नव्याने एकटीने विणली. नऊ आधीची, तेवीस नंतरची. जोडताना ठिगळं उशीवर सेफ्टी पिनांनी टोचून बसवली आणि डाव्या हाताने शिवली. सुई ओवायला साबणाच्या वडीत उभी खोचायची. बाईंनी एकदा सुई ओवून द्यायला हात पुढे केला तर तिने त्या हातावर चापट मारली. नाडीसाठी लोकरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधून तिने दुसऱ्या टोकाला पीळ घातला. गोंडे खुर्चीच्या पाठीला गुंडाळून केले. मुहूर्ताला पाच दिवस असताना एके सकाळी बटवा तिच्या उशाशी पडलेला होता. उघडा. लपवलेला नव्हता. मी चहा घेऊन गेलो होतो. लाल, मोरपंखी, तपकिरी, हळदी, पिस्ता, मुलीची सगळी वर्षं शेजारी शेजारी. कडा सरळ नव्हत्या. एकही ठिगळ साठ मिलिमीटरचं नव्हतं.

मी म्हटलं, "झाला?" तिने मान हलवली. मी म्हटलं, "चांगला झालाय." तिने माझ्याकडे पाहिलं, आणि बऱ्याच दिवसांनी ओठांचा डावा कोपरा वर गेला. आमच्यातलं भांडण तिच्याकडून मिटलं होतं, असं मला वाटतं.

लग्न गंगापूर रोडच्या एका कार्यालयात झालं. पाठवणी संध्याकाळी पाचला. ही खुर्चीत, नव्या साडीत, केसांत गजरा बाईंनी माळलेला, आणि बाई खुर्चीमागे उभ्या. बटव्यात पाच हळकुंडं, पाच सुपाऱ्या आणि मूठभर तांदूळ होते. तिने तो डाव्या हाताने मुलीच्या ओंजळीत ठेवला. बायकांची गर्दी होती. हिची थोरली बहीण, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो, त्या पुढे झाल्या. पद्धत त्यांना माहीत. त्यांनी बटवा हातात घेऊन उलटसुलट पाहिला, नाडी ओढून पाहिली, मग बहिणीच्या आखडलेल्या हाताकडे पाहिलं.

"सुंदर झालाय गं," अक्का म्हणाल्या. "पण हिचा हात हा असा. मग टाके कुणाचे?"

मुलगी म्हणाली, "बाबांचे. मी स्वतः पाहिलंय, मावशी. रोज कामावरून येऊन बसायचे. बाबांनी विणलाय."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. "भावजी, असा नवरा मिळायला भाग्य लागतं," त्या म्हणाल्या. मग बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पद्धत मोडली म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. नवऱ्याचा हात तो तुझाच हात. चालतं."

माझ्या तोंडाशी वाक्य होतं. सोपं होतं. यात माझा एक टाका नाही, सगळा हिने विणला, काखेत सुई धरून. एवढंच. पण सहा महिन्यांत माझ्याकडे कुणी तसं बघितलं नव्हतं. कीव नाही, तेलाची बाटली नाही, नुसतं कौतुक. आत काहीतरी उबदार झालं. मी खाली पाहिलं आणि थोडं हसलो, लाजल्यासारखं.

मान वर केली तेव्हा ही माझ्याकडे बघत होती. तिचं तोंड उघडलं. काही वेळ नुसता श्वास आला. मग ती म्हणाली, "एक."

मुलगी खाली वाकली. "काय आई?"

"दोन," ती म्हणाली. "तीन." डावा हात बटव्याकडे ताणला होता, एकेका ठिगळाकडे बोट जात होतं. "चार. पाच." आवाज मोठा होत गेला. कुणाला काही कळेना. आई भावनेने कासावीस झाली आहे असं सगळ्यांना वाटलं. अक्कांनी पदराने तिचं तोंड पुसलं, म्हणाल्या, "असू दे, असू दे, शांत हो." गाडीवाला हॉर्न देत होता. ती सहा म्हणाली, सात म्हणाली. ती बत्तीसपर्यंत जाणार होती, हे तिथे फक्त मला कळत होतं. आठवर मुलीला तिच्यापासून सोडवून गाडीत बसवलं.

घरी येताना रिक्षात बाई मधे बसल्या होत्या, हिला धरून. अर्ध्या वाटेत त्या मला म्हणाल्या, "दादा, तुमी सांगितला नाय."

मी म्हटलं, "काय?"

त्यांनी हिचा पदर सावरून दिला. आठ दिवसांनी गावाकडे काम निघालं म्हणून त्यांनी आमचं काम सोडलं.

ही त्यानंतर चार वर्षं होती. मी तिचं सगळं केलं, त्यात कसूर केली नाही. पण तिने माझ्यासमोर पुन्हा कधी मोजलं नाही. पोळ्या किती विचारलं तर ती ताट सरकवायची. सुया मी दोनदा तिच्या हातात दिल्या, तिने त्या बाजूला ठेवल्या. मुलगी आली की तिच्याशी मात्र मोजायची, एकपासून सुरू करून, तिचा हात घट्ट धरून, आणि मुलगी म्हणायची, "बघा बाबा, आईला किती बोलायचं असतं."

ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. मी रिटायर झालो, मुलीकडे पुण्याला अधूनमधून राहतो. बटवा तिने हॉलमधल्या काचेच्या कपाटात ठेवला आहे. कुणी नवीन माणूस आलं की त्याची नजर जातेच, रंग तसेच आहेत. मग मुलगी सांगते, "हा माझ्या बाबांनी विणलाय. आईचा हात गेला होता ना, तेव्हा." पाहुणे माझ्याकडे वळून बघतात. मी चहाचा कप तोंडाला लावतो.